माउथ ऑर्गन गळ्यात अडकवून गाडी चालवताना रियाज करू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं दिसतंय, की ऑफिसला जाऊन-येऊन रोज तीनेक तास गाडीत जातात, घरी पोचेपर्यंत सगळे झोपायला आलेले असतात त्यामुळे वाजवायची सोय नाही, आणि माउथ ऑर्गन तारेच्या होल्डरवर गळ्यात अडकवला की हात स्टिअरिंगवर राहतात, डोळे रस्त्यावर राहतात, मग हे तीन तास रियाजाला का वापरू नयेत. वर असंही विचारलंय की पळत्या गाडीत नको असेल तर निदान सिग्नलला किंवा जाममध्ये तरी चालेल का.

मी बरीच वर्षं माउथ ऑर्गन आणि बासरी शिकवतोय, शिकायला येणारे बहुतेक नोकरीवाले, त्यामुळे हा प्रश्न कुणी ना कुणी काढतंच. सरळ सांगतो. गाडी चालवताना वाजवू नका, सिग्नलला नको, जाममध्येही नको. नीट पार्क केलेल्या गाडीत मात्र खुशाल वाजवा, आणि चालवतानाचा वेळही अगदीच वाया जात नाही, त्याचं काय करायचं ते पुढे लिहितो. पण आधी कारणं लिहितो, कारण नुसतं "नको" म्हटलेलं कुणाला पटत नाही आणि तुम्ही विचार करून प्रश्न विचारलाय.

तुमचा सगळा भर हात आणि डोळे मोकळे आहेत यावर आहे. गाडी चालवायला तिसरी गोष्टही लागते, ती म्हणजे डोकं तिथे असणं. हे नुसतं बोलायला म्हणून म्हणत नाहीये, यावर बरंच काम झालंय. यूटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी २००१ मध्ये फोनवर बोलणाऱ्या लोकांना ड्रायव्हिंगसारखं काम करायला लावून तपासलं, तर बोलत असताना लोकांचे सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं, आणि फोन हातात धरलाय की हँड्सफ्री आहे याने काहीच फरक पडला नाही. म्हणजे हात मोकळे होते, नजर समोर होती, सिग्नल डोळ्यांसमोर बदलला आणि तरी तो डोक्यापर्यंत पोचला नाही. तुमचा होल्डर म्हणजे हँड्सफ्रीच झाला ना. हात सुटले, डोकं अडकलेलंच राहिलं.

आता वेगाचं साधं गणित करा. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, तीन सेकंदांत ५०. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून रोजचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड केलं होतं, त्याचा अहवाल २००६ ला आला, त्यात जे अपघात झाले त्यातल्या जवळजवळ ८० टक्के अपघातांत शेवटच्या तीन सेकंदांत ड्रायव्हरचं लक्ष हललेलं होतं किंवा तो पेंगत होता. तीन सेकंद म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर एक बेंड (सूर मुद्दाम खाली वाकवून काढणं) नीट लागला नाही म्हणून तो परत घेऊन बघायला लागतो तेवढा वेळ.

आणि इथेच माझा मूळ मुद्दा आहे. गाणं ऐकणं, गुणगुणणं आणि रियाज या तिन्हीला आपण "म्युझिक चालू होतं" असं एकाच खात्यात टाकतो पण डोक्यावर पडणारा ताण अगदी वेगळा असतो. रियाज करताना तुम्ही वाजवता, त्याच वेळी आपलंच वाजवलेलं ऐकता, मनात जो सूर हवा होता त्याच्याशी ताडून बघता, कुठे चुकलं ते पकडता आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते ठरवता. हे सगळं सतत चालू असतं, आणि हे चालू असतं म्हणूनच तो रियाज कामाचा असतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांचा १९९३ चा बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकला असेल, लोकांना त्यातले रियाजाचे तासच लक्षात राहतात, पण त्या विद्यार्थ्यांनी एकट्याने बसून केलेला रियाज सगळ्यात महत्त्वाचा म्हणून सांगितला आणि तो चांगलाच दमवणारा पण आहे असं सांगितलं. दमवतो कारण सगळं लक्ष खातो. मग ज्याला सगळं लक्ष लागतं ते काम तुम्ही दुसऱ्या अशाच कामाच्या जोडीला कसं करणार? दोनपैकी एक अर्धवट होणार, आणि कुठलं अर्धवट होणार हे त्या क्षणी तुमच्या हातात नसतं.

माझ्या क्लासमध्ये मी एक प्रयोग करून दाखवतो, तुम्ही घरी कुणाला तरी समोर बसवून करून बघा. नुकताच शिकवलेला एखादा तुकडा, समजा चौथ्या भोकावरून ओढून घ्यायचा बेंड असलेला, तो वाजवायला सांगतो. वाजवत असताना मी मधूनच हात वर करून काही बोटं दाखवतो, कधी दोन, कधी चार, आणि ज्या क्षणी दिसतील त्या क्षणी तेवढ्या वेळा पाय जमिनीवर आपटायचा. बस एवढंच. आता होतं काय की सोपा सूर असताना पाय लगेच आपटतो, पण बेंड जवळ आला की माणूस माझ्या हाताकडे बघत असतो, डोळे उघडे असतात, आणि पाय हलतच नाही. बोटं खाली गेल्यावर मग आपटतो, किंवा बेंड सोडून देतो. नंतर विचारलं तर बरेच जण म्हणतात की बोटं दाखवलीच नाहीत, आणि ते मनापासून म्हणत असतात. त्या बोटांच्या जागी पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट ठेवून बघा.

तुम्ही म्हणाल की मी नवीन काही वाजवणारच नाही, पाठ झालेल्या धूनच फिरवेन. हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पाठ झालेल्या धूनला लक्ष कमी लागतं हे खरंच आहे. पण मग त्यातून सुधारणा कितीशी होणार? उलट न ऐकता वाजवलं की जी चूक आत आहे ती तशीच पक्की होत जाते. गाडीत वाजवून आलेला विद्यार्थी मला बहुतेक वेळा न सांगता कळतो, कारण त्याच्या वाजवण्याचा एक ठराविक पॅटर्न असतो, पहिल्या चार ओळी एकदम घोटीव आणि नंतर सगळं भुसभुशीत. असं का, तर रस्त्यात काही आलं की वाजवणं थांबतं आणि रस्ता मोकळा झाला की तो परत पहिल्यापासून सुरू करतो, त्यामुळे सुरुवात शंभर वेळा वाजते आणि शेवट चार-दोन वेळाच. शिवाय श्वास भलत्याच जागी तुटतो, कारण जिथे ब्रेक मारला तिथे श्वास घेतला आणि तीच सवय लागली. एक शिकाऊ तर एका धूनमध्ये बरोबर एकाच जागी दरवेळी अडखळायचा, बोलता बोलता कळलं की त्याच्या रोजच्या रस्त्यावर त्या सुमाराला एक मोठं वळण येतं. ती एक जागा सुटायला आम्हाला भरपूर वेळ लागला, नवीन शिकवणं परवडलं असतं.

आता वाद्याबद्दल, कारण होल्डरचं प्रकरण दिसतं तेवढं साधं नाही. हाताने माउथ ऑर्गन धरलेला असतो तेव्हा आपण वाद्य सरकवतो आणि डोकं स्थिर ठेवतो. होल्डरवर उलटं होतं, वाद्य जागेवर आणि भोक शोधायला मान हलवावी लागते. शिकाऊ माणूस तर हमखास खाली डोकावतो, सहावं की सातवं ते बघायला. त्यामुळे डोळे रस्त्यावर राहतील हे तुमचं गृहीतकच टिकत नाही, आणि आरशात बघायची जी मधून मधून सवय असते ती पहिली मोडते. नवीन माणसाला सलग लांब सूर फुंकून-ओढून थोडं गरगरल्यासारखं पण होतं, खुर्चीत बसून झालं तर काही नाही, एक मिनिट थांबायचं, पण हायवेवर झालं तर?

आणि एअरबॅग. हे कुणी लक्षात घेत नाही म्हणून जरा थांबून लिहितो. स्टिअरिंगमधली एअरबॅग धडक झाल्यावर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पूर्ण फुगते, डोळ्याची पापणी मिटायच्याही आत. म्हणूनच छाती आणि स्टिअरिंगच्या मधोमध किमान २५ सेंटीमीटर अंतर ठेवा असं सांगतात, आणि ती जागा मोकळी असणार हे धरूनच सगळं डिझाइन केलेलं असतं. त्या जागेत तुम्ही लोखंडी तारेची फ्रेम, तिच्यावर धातूच्या पत्र्यांचं वाद्य, आणि तेही दातांना टेकवून ठेवणार. एरवी जी धडक छातीला मुका मार देऊन गेली असती ती तोंडाचं काय करेल याचा विचार करा. ट्रम्पेट वाजवणारी काही मंडळी गाडीत नुसता माउथपीस ओठांना लावून बझिंगचा (ओठ फडफडवून सूर काढण्याचा) सराव करतात, त्यांनाही हेच लागू आहे, माउथपीस छोटा आहे पण पूर्ण धातूचा आहे आणि ओठांच्या मागे दातच असतात. नुसत्या जोरात मारलेल्या ब्रेकनेही दात हलू शकतो, आणि फुंकून वाजवणाऱ्या माणसाचे पुढचे दात म्हणजे त्याचं अर्धं वाद्य असतं.

बाकी वाद्यांचं फार लिहीत नाही. गिटार, बासरी, व्हायोलिन याला दोन हात लागतात, तो विषय संपला. स्टिअरिंगवर तबल्याचे बोल वाजवणारे पुष्कळ आहेत, सिग्नलला चार धा-तिट वाजवले तर मी कुणाला रागावणार नाही, पण तिरकिटचा स्पीड वाढवायला घेतला की पकड सैल होते. आणि पायाने ताल धरायची सवय असेल तर ती गाडीत बसण्याआधी विसरा, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर असतो आणि लय त्यातून खाली उतरते, मागे बसलेल्याला हे गचके लगेच कळतात.

सिग्नल आणि जामबद्दल. इथे मी मान्य करतो की धोका वेगळा आहे, ताशी ८० ला वाजवणं आणि उभं राहून वाजवणं सारखं नाही. पण लक्ष हे बटण दाबलं की परत येणारं नसतं. २०१५ मध्ये स्ट्रेयर यांच्याच टीमने गाडीतल्या बोलून चालवायच्या सिस्टिम्स तपासल्या होत्या, काम संपल्यावरही डोकं पूर्ण रस्त्यावर यायला काही वेळा २७ सेकंदांपर्यंत लागत होते. सिग्नल हिरवा झाल्यावरचे पहिले २७ सेकंद म्हणजे तुम्ही चौक ओलांडून पुढेही गेलेले असता, आणि पायी चालणारे, सायकलवाले, घाईने सिग्नल तोडणारे सगळे नेमके त्याच वेळेत आडवे येतात. जाममध्ये तर गाडी थांबली असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती सारखी दोन-दोन मीटर सरकत असते आणि दोन गाड्यांमधून माणसं चालत असतात.

गाडी स्वतःच लेन धरते, ब्रेक मारते, मग? आज बहुतेक लोकांकडे जी तशी सिस्टिम आहे ती लेव्हल २ ची आहे, तिथे पूर्ण वेळ लक्ष ठेवायची जबाबदारी ड्रायव्हरचीच असते. गाडी ९९ वेळा सांभाळेल आणि शंभराव्या वेळी तुमच्याकडे देईल, आणि नेमका त्या वेळी तुम्ही श्वास ओढत असाल. कायद्याचं म्हणाल तर ते देशादेशांत वेगळं आहे, वाद्याचं नाव घेऊन लिहिलेलं क्वचित सापडेल, पण निष्काळजीपणे गाडी चालवणं हा गुन्हा बहुतेक सगळीकडे आहे. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात तर नंतर असंच घातलंय की ड्रायव्हरने चालवण्याव्यतिरिक्तची कामं कमीत कमी ठेवावीत. अपघातानंतर गळ्यात होल्डर सापडला तर तुमची बाजू कुणी ऐकणार नाही.

मग गाणं म्हणायचं का, ऐकायचं का? हे खरंच परिस्थितीवर आहे. २०१३ मध्ये सिम्युलेटरवर झालेल्या एका अभ्यासात गाणं म्हणत चालवणाऱ्यांच्या डोक्यावर जास्त ताण आला, स्पीड कमी-जास्त होत राहिला, आणि धोका ओळखायला ऐकणाऱ्यांना आणि गाणाऱ्यांना दोघांनाही थोडा उशीर लागला. संगीताच्या मानसशास्त्राचे अभ्यासक वॉरेन ब्रॉड्स्की यांनी २००१ मध्ये दाखवलं की जलद लयीच्या संगीताबरोबर लोक गाडी जोरात मारतात आणि लाल सिग्नलही जास्त चुकवतात. म्हणून मी काय करतो, तर ओळखीचा रस्ता, दिवसाची वेळ, गर्दी कमी असेल तर ऐकतो आणि सोबत गुणगुणतो, पाऊस, रात्र, अनोळखी चौक आला की बंद. मध्यम किंवा संथ लयीचं लावतो. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून मात्रा मोजणं मात्र ऐकण्यात धरू नका, मोजणं हे काम आहे. आणि दोन्ही कानांत इअरफोन नको, सायरन ऐकू यायला पाहिजे.

आता तुमची मुख्य अडचण, वेळ. मला वाटतं तुमच्याकडे वेळ आहे, फक्त तो चालवण्याच्या मध्ये शोधताय. सकाळी पंधरा मिनिटं लवकर निघा, ऑफिसला पोचून गाडी पार्क करा, इंजिन बंद करा, होल्डर काढून ठेवा आणि हाताने धरून वाजवा. संध्याकाळी निघायच्या आधी परत पंधरा. आठवड्याला पाच दिवस धरले तर अडीच तास झाले, आणि हे अडीच तास पूर्ण लक्षाचे. नवीन शिकणाऱ्याला आठवड्यात एकदाच लांबलचक बसण्यापेक्षा रोज दोन छोटे तुकडे जास्त लागू पडतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय.

पार्क केलेली गाडी ही खरं तर भारी जागा आहे. काचा बंद केल्या की बाहेर फारसं जात नाही, लाज वाटत नाही, एकच तुकडा वीस वेळा चुकवला तरी कुणी ऐकत नाही. फक्त दोन-तीन गोष्टी सांभाळा. बंदिस्त गॅरेज किंवा बेसमेंट असेल तर इंजिन चालू ठेवून एसीत बसायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ड्रायव्हरची सीट मागे सरकवा नाहीतर शेजारच्या सीटवर बसा, स्टिअरिंगमुळे कोपर अडतो आणि पोट दबून श्वास वर वर येतो. माउथ ऑर्गनचा आवाज चालून जातो, पण ट्रम्पेट-सॅक्सवाल्यांनी कानांचा विचार करावा, १०० डेसिबलला १५ मिनिटं हीच मर्यादा मानली जाते आणि छोट्या केबिनमध्ये तो आकडा गाठायला वेळ लागत नाही, म्यूट लावा नाहीतर काच खाली करा. उन्हात तापलेल्या गाडीत वाद्य ठेवून जाऊ नका, लाकडी वाद्यांचे सांधे सुटतात. गाडी सुरू करण्याआधी वाद्य डबीत आणि डबी बॅगेत, सीटवर सुटं ठेवलेलं वाद्य ब्रेकला उडतं.

मग मधल्या तीन तासांत काय? सकाळी वाजवण्याच्या आधी जो तुकडा करायचाय त्याचं एकच रेकॉर्डिंग निघण्यापूर्वीच लावून ठेवा, रिपीटवर, आणि नुसतं कानावर पडू द्या. विश्लेषण करायचं नाही, हे कुठलं भोक, फुंकायचं की ओढायचं असं मनात वाजवायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मनातल्या मनात केलेला रियाज हा खरा रियाज असतो. १९९५ मध्ये मेंदूचे अभ्यासक अल्वारो पास्क्वाल-लिओने यांनी पाच दिवस पियानोचा व्यायाम काहींना बोटांनी आणि काहींना नुसता मनात करायला लावला होता, मनात करणाऱ्यांच्या मेंदूतही बोटांच्या हालचालीच्या भागात तसेच बदल दिसले. म्हणजे त्याचा उपयोग आहे, आणि जितका उपयोग आहे तितकंच लक्षही तो खातो. तो लिफ्टच्या रांगेत करा, जेवणाच्या सुट्टीत करा, चालवताना नको. चालवताना फक्त ऐका, पोचल्यावर वाद्य काढायच्या आधी तीच धून एकदा तोंडाने गा, मग वाजवा. चाल कानात बसलेली असली की पंधरा मिनिटांत होणारं काम बघून तुम्हालाच बरं वाटेल.

तुम्ही प्रश्नात हेही लिहिलंय की गाडीत वाजवत राहिलं की संध्याकाळी चालवताना डुलकी येत नाही. झोप वाजवून जात नाही, थोडा वेळ दबते आणि मग एकदम येते. डोळे जड झाले तर सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं झोप काढा, त्या दिवशीचा संध्याकाळचा रियाज गेला तरी चालेल.

आणि एखाद्या दिवशी दुसरं कुणी चालवत असेल, किंवा बसने-ट्रेनने जाणं जमणार असेल, तर ते तीन तास खरोखर तुमचे. तेव्हा मनातला रियाज करा, नोटेशन वाचा (गाडी लागत असेल तर वाचू नका, ऐका), श्वासाच्या जागा पेन्सिलने मार्क करा. शेजारी बसून माउथ ऑर्गन वाजवायचा का हे मात्र ड्रायव्हरला विचारा, आणि चुकत चुकत केलेला बेंडचा सराव तिथेही नको, कारण चुकलेला सूर त्याचंही लक्ष खेचतो. तुमच्याकडे दहा भोकांचा साधा आहे की क्रोमॅटिक (बटण दाबून मधले अर्धे सूरही निघतात तो) आणि कुठली धून चालू आहे ते लिहा, म्हणजे पंधरा मिनिटांत काय काय बसवायचं ते सांगतो.